पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

चोर पकडला जावा, हरवलेले मूल आईच्या हाती लागावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु चोर शोधण्याच्या निमित्ताने अवघ्या शहराची नोंद ठेवण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, असे विचारणे म्हणजे चोराची बाजू घेणे नव्हे. सुरतेच्या पोलिसांनी २०१५ साली चेहरे ओळखणारी यंत्रणा स्वीकारली. असा डोळा चौकात लागला, की रात्रपाळीला निघालेला उधना-लिंबायतचा खानदेशी कामगारही त्याच्या टप्प्यात येतो. आपला चेहरा किती दिवस साठविला आणि कोणी पाहिला, हे त्याने कोणाला विचारावे?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्याला हात लावावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. मात्र व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यातच सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. कुंपणाला दार ठेवले आणि किल्ली राखणदाराच्याच कमरेला!

२ डिसेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीवरही, कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या वृत्तावरून न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्रजेवर डोळा ठेवण्यास जी तत्परता, ती स्वतःवर ठेवण्यास का नसावी?

सुरत जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर नवे नाही. १९२८ साली बारडोलीत जप्तीचे अधिकारी आणि म्हशी ओढून नेण्यास आणलेले पठाण गावाकडे येताना दिसले, की स्वयंसेवक इशारा देत आणि घरांना कुलुपे लागत. सरकारवर पहारा प्रजेचा होता! अखेर बावीस टक्क्यांची सारावाढ चौकशीअंती सुमारे सहा टक्क्यांवर आली. २०२१ साली हैदराबादेत तोंडावरील मुसके उतरवून पोलिसांनी ज्याचे छायाचित्र घेतले, तो नागरिकही गप्प न बसता उच्च न्यायालयात गेला.

आमचे सांगणे इतकेच: सुरतकरांनी, आणि आपणही, माहितीच्या अधिकाराचा अर्ज हाती घ्यावा. यंत्रणा कोणत्या कायद्याने चालते, चित्रण कधी पुसले जाते आणि ठाण्यातील कॅमेरा चालू आहे काय, हे लेखी विचारावे. उत्तर न मिळाले तर अपील करावे. निर्भय नागरिक हाच शहराचा खरा पहारेकरी होय.