तबकडीचा निरोप

आमच्या दौलतगंजातील बिऱ्हाडात २०१४ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा गाळून प्यावा, तेव्हा कोठे त्याचा पडदा कामास सिद्ध व्हावा, अशी त्याची अवस्था झाली होती. नवा घ्यावा, तर आठवड्यातून चार तासांच्या लिखाणासाठी एवढा खर्च मनास पटेना. भाचा म्हणाला, "मामा, यंत्र उत्तम आहे, हार्ड डिस्क तेवढी बदला."

पण त्याच डिस्कवर आजोबांच्या मोडी पत्रांची छायाचित्रे होती, म्हणून आमचा हात अडत होता.

हार्ड डिस्क म्हणजे गरगरणारी तबकडी व तिच्यावरून सरकणारा चिमुकला दांडा. आमची तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेई. हवी ती नोंद दांड्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा १८०वा भाग लागे. दांडा सरकण्याचा वेळ निराळा. एकदा हे सोसते. परंतु यंत्र सुरू होताना अशा हजारो नोंदी इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, आणि तेथेच आमचा चहा निवतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. सारे चिपांत साठते, आणि नोंद जवळजवळ शंभरपट लवकर हाती येते.

बाजारातील एका दुकानदाराने आम्हांस एनव्हीएमई जातीची महाग वस्तू दाखविली. सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट, असे खोक्यावर ठळक छापलेले. आकडा पाहून आम्ही भुललो, हे कबूल करतो. भाच्याने घरी मागचे झाकण उघडून दाखविले : ती बसण्याची जागाच आमच्या यंत्रात नव्हती! तेथे अडीच इंची साटा डिस्कचीच खोबण. साटाची मजल साडेपाचशेच्या आसपास संपते, पण जुन्या तबकडीला शंभरही जड जात होते. लिखाणाला, पत्रांना, छायाचित्रांना तेवढे पुष्कळ झाले. म्हणून आधी झाकण उघडावे, मग दुकानाची पायरी चढावी. एम डॉट टू नावाची लांबट खोबण असली तरी सावध राहावे. तीत साटाही येते, एनव्हीएमईही येते, आणि दोन्ही पट्ट्या दिसायला जुळ्या बहिणी.

विजेच्या बचतीविषयी दुकानदार फार बोलतात. तबकडी फिरताना साधारण दोन वॅट खाते. स्वस्थ बसलेली साटा एसएसडी त्याच्या दशांशाहूनही कमी. बचत खरी, पण लॅपटॉपच्या पडद्याची भूक त्याहून मोठी. तेव्हा उन्हाळ्यात वीज गेली असता बॅटरी दुप्पट टिकेल, अशी आशा धरू नये. काही वेगवान एनव्हीएमई तर भर कामात जुन्या तबकडीहून अधिक वीज घेतात व तापतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तापणारी आणखी एक वस्तू घरात कशाला?

आम्ही पाचशे जीबीची साटा घेतली. मात्र नवी बसविण्यापूर्वी जुनीची प्रत घेण्याचा आग्रह धरला. पूर्वी एका कारागिराने न विचारता डिस्क पुसून टाकली होती, तीत भाचीच्या बारशाची छायाचित्रे गेली. या वेळी नक्कल रात्रभर चालली. डिस्क मधूनमधून टिकटिक करी, आणि त्या प्रत्येक टिकटिकीस आमची झोप उडे. सकाळी कळले, तीन पत्रांची छायाचित्रे वाचता आली नाहीत. तबकडी आधीच झिजू लागली होती. आणखी वर्षभर चहा निववीत बसलो असतो, तर किती उरली असती कोण जाणे.

आता पडदा मिनिटाच्या आत उजळतो. सौभाग्यवतींची तक्रार एवढीच, की चहा घेण्यास आम्ही स्वयंपाकघरात जातच नाही.

एक गोष्ट भाच्याने बजावली आहे. एसएसडी मरते तेव्हा बहुधा टिकटिकही करीत नाही. आणि वीज न लावता वर्षानुवर्षे ट्रंकेत ठेवली, तर तिच्यातील नोंदी विरू शकतात. म्हणून पत्रांची दुसरी प्रत निराळ्या नव्या डिस्कवर काढली; ती दर दिवाळीस लावून पाहावयाची. उरली ती तीन पत्रे. मूळ कागद ट्रंकेत आहेत, एकास कसर लागली आहे. येत्या रविवारी उजेड चांगला असला, तर त्यांची छायाचित्रे पुन्हा घ्यावयाची आहेत.