हौसेचा गळ आणि पोटाचा गळ

जाम नदीचा पूर ओसरून डोहांचे पाणी निवळले, की लोधीखेड्याच्या काठावर मुले गळ टाकून बसलेली दिसतात. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगत राहावा म्हणून बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि करवंटीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे, एवढाच हा सारा सरंजाम. संध्याकाळपर्यंत एखादी मरळ किंवा चार-दोन शिंगट्या लागल्या तर घरी रस्सा होतो. नाही लागल्या तर दिवसभर उन्हात बसल्याबद्दल आईची बोलणी खावी लागतात. परंतु लागलेला मासा पुन्हा डोहात सोडून रिकाम्या हाताने घरी आलेला मुलगा आमच्या तरी ऐकिवात नाही. असा कोणी आलाच, तर त्याच्या प्रकृतीविषयी घरच्यांना काळजी वाटेल.

म्हणूनच याच परिसरातील एका शेतकरी वाचकांचे पत्र आले, तेव्हा त्यांचा गोंधळ आम्हांला सहज समजला. त्यांचे चिरंजीव तीन वर्षांपासून गोव्यातील एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहेत. तेथील एका होडीमालकाने त्यांना खलाशी म्हणून येण्याविषयी विचारले आहे. होडी बाजारासाठी मासे आणावयास जात नाही. ती पाहुण्यांना घेऊन जाते. पाहुणे एका दिवसाचे हजारो रुपये मोजतात, छडीने मासा धरतात, त्याच्यासह छायाचित्र काढून घेतात आणि पुष्कळदा तो परत समुद्रात सोडून देतात. ‘हा धंदा म्हणावा की पोरखेळ, आणि मुक्या जिवाशी असा खेळ करणे बरे काय?’ असे वडील विचारतात. पावसाळा संपून हंगाम सुरू होत असल्याने मुलाला उत्तर लवकर हवे आहे.

पत्र वाचून कोणाला हसू येईल. आम्हांला आले नाही. मुलाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि वडिलांनी त्याबरोबरच सदसद्विवेकाचाही प्रश्न विचारला आहे. दोन्ही एकाच पत्रात विचारणारे वडील आजकाल थोडेच.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू. होडी, तांडेल, एक-दोन खलाशी आणि सर्व साहित्य यांसह पाहुणा ती दिवसभरासाठी भाड्याने घेतो. पहाटे निघावयाचे, खडकाळ बेटांच्या कडेला किंवा खोल पाण्यात जावयाचे. कधी चालत्या होडीमागे लाकडाचा वा धातूचा खोटा मासा दोऱ्याने ओढत नेतात, कधी होडी थांबवून तो खोल सोडतात व झटके देत वर आणतात. मोठा मासा लागला की छडी कमानीसारखी वाकते, फिरकीवरचा दोरा सरसर सुटू लागतो, आणि मग अर्धा तास, क्वचित त्याहूनही अधिक वेळ माणूस व मासा यांची ओढाताण चालते. आपण जिला सुरमई म्हणतो ती गोव्यातली इसवण, आपला जिताडा म्हणजे तेथील चणक, शिवाय तांबोशी आणि गोबरा, हे या किनाऱ्यावरचे नेहमीचे मानकरी.

याहून मोठा खेळ पाहावयाचा तर अंदमानला जावे लागते. आपल्या जामचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला आणि तेथून प्राणहिता व गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच उपसागराच्या पूर्वेकडे ही बेटे आहेत. गेल्या दोन-तीन दशकांत तेथे देशोदेशीचे हौशी लोक येऊ लागले. पन्नास किलोंहून अधिक वजनाचे जायंट ट्रेव्हली, तसेच कुपा जातीचे मासे आणि पाठीवर शिडासारखा पर मिरवणारा सेलफिश यांच्यासाठी ते येतात. काही होड्या भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी असलेल्या बॅरन बेटाच्या पाण्यापर्यंत जातात. तेथील बहुतेक नावाजलेल्या होड्यांचा रिवाज असा, की मोठा मासा धरावयाचा तो सोडण्यासाठीच.

या छंदाला नियमांची शिस्त लागली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर 1898 साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या लेखकाने छडीने 183 पौंडांचा कुपा धरला आणि त्याच वर्षी तेथे हौशी मंडळींचा एक क्लब काढला. जाड दोर लावून मासा नुसता ओढून काढण्यात शौर्य नाही, दोरा बारीक असावा आणि माशाला निसटण्याची संधी असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1939 मध्ये न्यूयॉर्क येथे सर्व जगासाठी एक संस्था स्थापन झाली. विक्रमांची नोंद आजही तीच ठेवते. पेरू देशाच्या काबो ब्लांको येथे 4 ऑगस्ट 1953 रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी छडीने धरलेला काळा मार्लिन 1560 पौंडांचा होता, म्हणजे सुमारे सात क्विंटल! आपल्या बाजार समितीत कापसाची गाडी तोलणाऱ्यांना या आकड्याची कल्पना यावी.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांना या छंदाचे भारी वेड. त्यांनी 1934 साली स्वतःची होडी घेतली आणि क्यूबाच्या पाण्यात वर्षानुवर्षे मार्लिनचा पाठलाग केला. त्यांची 1952 ची कादंबरी पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. लेखक हौसेचा मासेमार, पण त्याने नायक केला तो पोटासाठी समुद्रात जाणारा गरीब म्हातारा, ज्याच्याजवळ छडीही नाही, हातात नुसता दोर आहे! दोन्ही गळांतला फरक त्या ग्रंथकाराला ठाऊक असला पाहिजे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आता मुक्या जिवाविषयी. या बाबतीत आम्ही पाहुण्यांचे वकील होणार नाही. मासा धरल्यावर सोडला म्हणजे त्याला काहीच झाले नाही, असे समजणे भाबडेपणाचे आहे. दीर्घकाळ झुंजलेला मासा थकून गलितगात्र होतो, आणि तसाच पाण्यात टाकला तर तो मरतो किंवा मुशीच्या तोंडी जातो. खोल पाण्यातून भराभर वर आणलेल्या गोबऱ्याच्या पोटातील वाताशय फुगतो. मग तो पृष्ठभागावर उलटा तरंगत राहतो, त्याला खाली जाताच येत नाही. कोरड्या हाताने धरले तर अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. छायाचित्राच्या हौसेने पाच मिनिटे हवेत धरून ठेवलेला मासा सोडणे, ही दया नव्हे. तो देखावा आहे.

पण यावर उपाय आहेत, आणि चांगला तांडेल ते जाणतो. गळाचे टोक आत वळवून गोल केले तर तो बहुधा माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. गळाचा उलटा काटा दाबून टाकला तर तो चटकन निघतो. हात ओले करावे, मोठा मासा होडीत न घेता बाजूलाच पाण्यात धरून सोडवावा, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून कल्ल्यांतून पाणी वाहू द्यावे आणि तो आपण होऊन शेपटी हलवू लागला म्हणजे हात काढावा. खोलवरच्या माशांना वजन बांधून पुन्हा तळाकडे पोहोचविण्याची साधने निघाली आहेत. ही सर्व कामे खलाशाच्या हातची आहेत. पाहुण्याला उतावळी असते. मासा जगेल की मरेल हे पुष्कळदा होडीवरचा नोकर ठरवितो. अमेरिकेत फ्रँक मॅथर या शास्त्रज्ञांनी 1954 पासून हौशी मंडळींकडून सोडलेल्या माशांना खुणेच्या पट्ट्या लावून घेतल्या. समुद्रातील मोठे मासे कोठून कोठे जातात याचे पुष्कळसे ज्ञान त्या पट्ट्यांतून मिळाले.

आमच्या मते, खाण्यासाठी धरलेला एक मासा आणि निव्वळ करमणुकीसाठी छळलेले दहा मासे यांत पहिला प्रकार अधिक स्वच्छ आहे. शुभवर्तमानात गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात; तेथेही पेत्राला गळ टाकावयास सांगितले ते कर भरण्याच्या गरजेपोटी, मौजेसाठी नव्हे. तरीही हौसेचा धंदा सरसकट टाकाऊ आहे असे म्हणावयास आम्ही तयार नाही, आणि त्याचे कारण समुद्राच्या आजच्या स्थितीत आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या सारे मिळून जाळे टाकीत आणि वाटा करून मासे घेत. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन तळ खरवडू लागले, तेव्हा हे रापणकार माथानी सालढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रस्त्यावर उतरले. 1980 साली गोव्यात सागरी मासेमारीचा कायदा झाला तो या लढ्यानंतर. महाराष्ट्रात पर्ससीन जाळ्यांवर 2016 साली निर्बंध आले, आणि रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याला केंद्र सरकारने 2017 साली बंदी केली. कायदे झाले तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. ज्याची होडी लहान, त्याच्या वाट्याला समुद्रही लहान झाला. अशा माणसाला एक पाहुणा दिवसभर नेऊन टोपलीभर माशांपेक्षा अधिक मिळत असेल, तर जिवंत मासा त्याला मेलेल्या माशाहून मोलाचा होतो, आणि त्याची राखण करण्यात त्याचे हित असते.

ही केवळ कल्पना नव्हे. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी येथे महाशीर धरून सोडणाऱ्यांचे तळ अनेक वर्षे चालत होते. पूर्वी जे चोरून मासे मारीत, त्यांच्यापैकी काहींना तेथे वाटाड्याचे काम मिळाले आणि सुरुंग लावून डोह उडविणाऱ्यांवर त्यांचीच नजर राहू लागली. तो भाग अभयारण्यात मोडत असल्यामुळे 2010 नंतरच्या काळात हा खेळ बंद पडला. त्याबरोबर राखणदारही गेले, याची खंत काही मत्स्यशास्त्रज्ञांनी लिहून ठेविली आहे. मात्र याच नदीत सद्‌हेतूने दुसऱ्या पाण्यातील महाशीर आणून सोडले गेले आणि मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे हटत गेला, हेही नोंदविले पाहिजे. आपल्या मध्य प्रदेशाने 2011 मध्ये महाशीरला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. मान दिल्याने मासा वाढत नाही, डोह राखल्याने वाढतो, हे आपल्याकडच्या कोणाही जुन्या ढीमराला विचारावे.

तेव्हा पत्रलेखकांना आमचे सांगणे असे. काम पोरखेळ नाही. ते कष्टाचे आणि कौशल्याचे आहे. स्वयंपाकघरातील नोकरीपेक्षा ते हलके आहे असे मुळीच समजू नये. परंतु होकार देण्यापूर्वी चिरंजीवांनी मालकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्या. होडीची नोंदणी व विमा आहे काय? प्रत्येक माणसासाठी जीवरक्षक जाकीट आणि बिनतारी संच आहे काय? जामच्या डोहात पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येते असे नव्हे, हे मुलाने पक्के लक्षात ठेवावे. वादळाच्या सूचनेमुळे फेरी रद्द झाली तर त्या दिवसाचा पगार मिळतो की नाही, हेही विचारावे. नाही म्हणणाऱ्या मालकाच्या होडीवर वाईट हवेतही बाहेर पडण्याचा मोह फार असतो. पाहुण्याने खुशीने दिलेले पैसे कोणाचे, हे आधीच ठरलेले बरे.

शिवाय कोणते मासे सोडतात आणि कोणते घरी नेतात, हे त्याने दोन फेऱ्या स्वतः पाहून यावे. व्हेल शार्क आणि करवतीसारखी सोंड असलेली मुशी 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पाहुणा कितीही श्रीमंत असला तरी त्यांना हात लावणे गुन्हा आहे, आणि गुन्हा घडला तर पाहुणा विमानाने निघून जातो, खलाशी मात्र तेथेच राहतो. जो मालक अंड्यांनी भरलेली मादी पाहुण्याच्या हट्टासाठी कापतो, त्याच्याकडे जाण्यापेक्षा हॉटेलातील भांडी बरी.

राहिला पगाराचा हिशेब. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि खवळलेल्या पावसाळी समुद्रात हौशी पाहुणेही येत नाहीत. मालक त्या दोन महिन्यांचे काय देणार हे लिहून घ्यावे. बहुधा काहीच देणार नाही. परंतु नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे कपाशी आणि तूर पेरावयाची असते, आणि सध्या त्या कामाला मजूर मिळत नाहीत अशी याच पत्राच्या शेवटच्या ओळीत वडिलांची तक्रार आहे.