ओंडक्यावरील पांढरा बुरा

विलायतेंत राहणाऱ्या आमच्या एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, “आमच्या मुलानें हौसेनें न्यूट पाळला आहे. त्यास बसावयास म्हणून कांचपेटींत एक नवा ओंडका ठेवला, तों आठवड्याच्या आंतच त्यावर पांढरी, बुळबुळीत, कापसासारखी वाढ झाली. ही विषारी तर नाहीं ना? आणि कोणतें औषध पाण्यांत घातलें असतां ती जाईल?” प्रश्न दिसावयास लहान आहे; परंतु त्याचें उत्तर चुकल्यास एका मुक्या जिवाचा प्राण जाईल. म्हणून या खेपेचें सदर आम्ही त्यासच देत आहों.

ज्यांनीं न्यूट पाहिलेला नाहीं त्यांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, हा प्राणी रूपानें सरड्यासारखा असला तरी नात्यानें बेडकाच्या जवळचा आहे. पाळण्यासाठीं बहुधा मिळणारा चिनी जातीचा न्यूट बोटाएवढा, पाठीवर काळा व पोटाशीं नारिंगी असतो. आपल्याकडे दार्जिलिंगच्या डोंगरांतील पाणथळींत त्याचा एक भाऊबंद आढळतो. परंतु त्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें अभय असल्यामुळें तो धरून घरीं आणतां येत नाहीं.

न्यूटची कातडी ही आपल्या कातडीसारखी नव्हे. तिच्यावाटे तो पाणी शोषून घेतो व कांहीं अंशीं श्वासोच्छ्वासही करतो. अर्थात् पाण्यांत जें विरघळेल तें थोडेंफार त्याच्या अंगांत शिरतेंच. यावरून आमचें म्हणणें वाचकांच्या ध्यानांत येईल: येथें भय आहे तें त्या वाढीचें नव्हे, तर तिच्यावर योजिलेल्या औषधाचें!

ही वाढ म्हणजे तरी काय? लांकूड पाण्यांत पडलें म्हणजे त्यांतील साखर व तत्सम द्रव्यें हळूहळू बाहेर पाझरूं लागतात. त्यांवर बुरशी व सूक्ष्म जंतु यांचा संसार थाटला जातो. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा गेला असतां जसा बुरा धरतो, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं, लोणचें टाकून द्यावें लागतें, आणि ओंडका मात्र टिकतो. कारण बाहेरचें खाद्य संपलें कीं कांहीं आठवड्यांत हा बुरा आपोआप ओसरतो. न्यूटला त्यापासून बहुधा कांहींच अपाय होत नाहीं.

डोळ्यांस तो खुपत असेल तर ओंडका बाहेर काढून ताठ केसांच्या कोऱ्या ब्रशानें गरम पाण्याखालीं घासावा. भांड्यांत मावत असल्यास तास-दोन तास उकळावा आणि पूर्ण निवल्यावरच परत ठेवावा. पाण्यास चहासारखा रंग आला तरी घाबरूं नये. तो लांकडांतील टॅनिनचा असतो. मात्र लांकूड नखानें दाबतांच भुसभुशीत लागलें, किंवा त्यास सडक्या अंड्यासारखी घाण येऊं लागली, तर तें खुशाल फेकून द्यावें.

साबण, रिठा, शिकेकाई, फिनेल, तसेंच शेवाळ मारण्याचीं औषधें यांचा स्पर्शही त्या पेटीस होऊं देऊं नये. शेवाळ मारण्याच्या पुष्कळ औषधांत तांबें असतें, व तें पाण्यांतील प्राण्यांस घातक आहे. आपल्या घरांतून तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेवलेलें पाणी शुद्ध मानून पितात. न्यूटच्या पेटींत मात्र तें कदापि घालूं नये.

घासण्यापूर्वीं वाढ नीट न्याहाळावी हेंही महत्त्वाचें. पिंगट भुकटीसारखा थर नव्या पेटींत येतो व जातो. हिरवें शेवाळ उजेड फार झाल्याची खूण होय. शेंड्याशीं तंतूंचा झुबका असलेला आणि डिवचतांच आंखडणारा बारीक जीव दिसला तर तो हायड्रा. त्यास जागच्या जागीं चिरडूं नये. अब्राहाम ट्रेंब्ली या संशोधकानें १७४४ सालीं छापलेल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं, त्याचे तुकडे केले असतां तुकड्या-तुकड्यापासून नवा हायड्रा होतो. मोठ्या न्यूटला तो कांहीं करीत नाहीं, कोवळ्या पिल्लांस मात्र त्याचें भय असतें. आणि जर पारदर्शक, वाटोळे, एकेकटे दाणे आढळले, विशेषतः पाणवनस्पतीच्या दुमडलेल्या पानांत, तर हात आवरावा. तीं न्यूटचींच अंडीं असूं शकतील!

खरा शत्रु डोळ्यांस दिसत नाहीं. उरलेलें अन्न व मळ कुजून पाण्यांत अमोनिया होतो, आणि त्यापासून पुढें नायट्राइट. दोहोंची तपासणी करण्याचीं साधनें बाजारांत मिळतात. दर आठवड्यास सुमारें चौथाई पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढावा. आणि पाणी २० अंश सेंटिग्रेडच्या आसपास किंवा त्याहून थंड ठेवावें.

तोच कापूस ओंडक्याऐवजीं न्यूटच्या अंगावर दिसला, किंवा कातडीस व्रण पडले, तर घरगुती उपाय न करितां पशुवैद्यास दाखवावें. न्यूट व सॅलॅमँडर यांची कातडी खाणारी एक भयंकर बुरशी शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं वर्णिली. तिनें हॉलंडांतील सॅलॅमँडरांचा जवळजवळ निःपात केला होता. तिच्या धास्तीनें जानेवारी २०१६ मध्यें अमेरिकेनें २०१ जातींची आयात बंद केली. ओंडक्यावरील बुरा ही ती बुरशी नव्हे. तथापि पेटींतील पाणी वा लांकूड बाहेरच्या तळ्यांत किंवा ओढ्यांत कधींच टाकूं नये. न्यूटच्या कातडींत विष असतें, म्हणून मुलांनीं त्यास शिवल्यावर हात स्वच्छ धुवावे.

आमच्या भगिनीनें तूर्त इतकेंच करावें. मुलास एक वही द्यावी. बुरा केव्हां दिसला, पाणी किती थंड आहे, न्यूट किती खातो, हें त्यानें रोज लिहावें. न्यूट नेहमींसारखा खात-फिरत आहे अशी नोंद होत आहे, तोंवर औषधाची बाटली घरांत आणूंच नये.