तबूकहून : एकसष्ट किलोचे पैलवान आणि न झालेल्या लढती



सौदीत राहून अमेरिकेतलं बॉक्सिंग बघायचं म्हणजे एक कटकट असते. लास वेगासला शनिवारी रात्री नऊला मुख्य लढत सुरू झाली की इथे तबूकमध्ये रविवारचे सकाळचे सात नाहीतर आठ वाजलेले असतात. आणि २०१३ पासून इथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणजे रविवार हा आमचा सोमवार! एका हातात चहा, दुसऱ्या हातात बूट, समोर लॅपटॉप आणि खाली कंपनीची बस हॉर्न मारतेय. गेली कित्येक वर्षं मोठ्या लढतींच्या शेवटच्या दोन फेऱ्या मी बसमध्ये मोबाईलवरच बघितल्या आहेत.

माझ्यासोबत असतात आबा. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, कोल्हापूरकडचे, मेंटेनन्समध्ये सुपरवायझर. लहानपणी तालमीत घुमलेले. बॉक्सिंगचा नाद मी त्यांना लावला आणि वाद घालायचा नाद त्यांनी मला. पैज पैशांची नाही (ते इथे चालत नाही, आपल्याला शोभतही नाही). हरेल त्याने शुक्रवारी तांबडा-पांढरा करायचा, एवढंच.

वादाचा विषय ठरलेला : लाइटवेट. १३५ पौंडांचा गट, म्हणजे साधारण ६१.२ किलो. आबांचा पहिला आक्षेप असा होता, "अरे इंजिनियर, साठ किलोचा कसला पैलवान? आमच्याकडं एवढ्या वजनाची पोरं नारळाच्या कुस्त्या करत्यात." मी म्हटलं, आबा, खाशाबा जाधव विसरलात? १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते ५७ किलो गटात. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तेही आपल्या गोळेश्वरच्या माणसाचं. आबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "खरं हाय. पण गदा शेवटी वजनदारालाच मिळती." तेही खरंच. महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या गटातल्यालाच. हलक्या वजनाचं कौतुक आपण नेहमी उशिराच करतो.

तर गेल्या काही वर्षांत या गटात जेवढी गुणवान पोरं एकाच वेळी होती, तेवढी क्वचितच असतात. लोमाचेंको, टिओफिमो लोपेझ, डेव्हिन हेनी, जर्वोंटा डेव्हिस (ज्याला सगळे 'टँक' म्हणतात), रायन गार्सिया, शकूर स्टीव्हन्सन. यांच्यात कोण कोणाला हरवेल, हा आमचा वाद.

माझं डोकं इंजिनियरचं, म्हणून सुरुवातीला मी त्रैराशिक मांडायचो. 'अ' ने 'ब' ला हरवलं, 'ब' ने 'क' ला, म्हणजे 'अ' 'क' ला हरवणार. आता प्रत्यक्षात काय झालं बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये लोपेझने लोमाचेंकोला हरवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज कंबोसॉसने लोपेझला हरवलं. आणि मे २०२४ मध्ये पर्थला लोमाचेंकोने, वय ३६, त्याच कंबोसॉसला अकराव्या फेरीत थांबवलं. म्हणजे गोल पूर्ण! त्रैराशिक गेलं कचऱ्यात. कोणाचा खेळ कोणाच्या खेळाला अडतो, हे महत्त्वाचं. आबा म्हणाले, "हे तालमीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतंय. पट काढणारा आणि ढाक मारणारा यांचा हिशेब कागदावर हुत नाही."

सगळ्यात जास्त भांडण झालं ते टँक विरुद्ध शकूर या जोडीवर. दोघेही डावखुरे. शकूर हा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा रौप्यपदकवाला, त्याला ठोसा लागणंच मुश्कील. अंतर राखतो, आपला ठोसा देतो आणि निघून जातो. टँक उलटा. पहिल्या तीन-चार फेऱ्या समोरच्याला नुसता वाचत बसतो, हात मोजकेच चालवतो, आणि मग एक असा ठोसा काढतो की विषय संपला. एप्रिल २०२३ मध्ये रायन गार्सियाला सातव्या फेरीत यकृतावर मारलेला ठोसा आठवा. ठोसा लागल्यावर क्षणभर तो उभा होता, मग गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही.

माझं गणित साधं आहे. लढत बारा फेऱ्यांची, प्रत्येक फेरी वेगळी मोजली जाते, जिंकणाऱ्याला १० आणि बहुतेक वेळा हरणाऱ्याला ९. टँकने सवयीप्रमाणे पहिल्या चार फेऱ्या सोडून दिल्या तर गुणांवर जिंकायला उरलेल्या आठपैकी सात जिंकाव्या लागतील. शकूरसारख्या माणसाविरुद्ध हे होणे नाही. म्हणून मी शकूरच्या बाजूने. आबांचं म्हणणं, "नॉकआऊटला कुठलं आलंय गणित? एक बसला की तुझ्या सात फेऱ्या आणि आठ फेऱ्या सगळ्या मातीत." यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही.

१ मार्च २०२५ च्या टँक विरुद्ध लॅमाँट रोच लढतीत मात्र गंमत झाली. ब्रुकलिनची रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ, पण इथे नुकताच रमजान लागला होता, ऑफिस उशिरा, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा अख्खी लढत घरी बसून बघितली. रोच खालच्या गटातून आलेला. मी म्हटलं, टँक सहा फेऱ्यांत गुंडाळणार. आबा म्हणाले, "ते पोरगं भ्यालेलं न्हाई, डोळे बघ त्याचे." नवव्या फेरीत टँक आपणहून गुडघ्यावर बसला, म्हणे केसांचं तेलबिल डोळ्यात गेलं. नियमाने तो नॉकडाऊन धरायला हवा होता, पंचाने धरला नाही. आणि शेवटी निकाल काय, तर बरोबरी! त्या एका फेरीने सगळा निकाल बदलला असता. पैजेचं काय करायचं? इफ्तारनंतर तांबडा मी केला, पांढरा आबांनी. माझा तांबडा कसा झाला हे विचारू नका. रोचबरोबरची फेरलढत २०२५ मध्ये होता होता राहिली ती राहिलीच.

आता मुख्य मुद्दा. आबा एकदा वैतागून म्हणाले, "एवढी वर्षं तुम्ही नुसतं बोलताय, मग ही जोड लागत का न्हाई?" त्यांच्या डोक्यात जत्रेतलं मैदान. पैलवान फेरी मारतो, समोरून कोणी हात वर करतो, पंच दोघांना शेजारी उभं करून उंची-अंगलट बघतात, हलगी वाजते आणि कुस्ती लागते. पाच मिनिटांत जोड ठरते.

बॉक्सिंगमध्ये प्रत्येकाचा प्रमोटर वेगळा, प्रत्येक प्रमोटरचं चॅनेल वेगळं, पट्टे चार संघटनांचे चार. टँक एका बाजूला, लोमाचेंको दुसऱ्या. २०१७ मध्ये हे दोघेही १३० पौंडांत चॅम्पियन होते, दोघेही भरात. तेव्हा लढत लागायला हवी होती. बोलणी गंभीरपणे सुरू झाली ती २०२४ मध्ये, तेव्हा लोमाचेंकोचं शरीर थकलं होतं. जून २०२५ मध्ये तो निवृत्त झाला. विषय कायमचा मिटला. मेवेदर-पॅकियाओचंही असंच. २००९ पासून चर्चा, लढत झाली मे २०१५ मध्ये, एक अडतीस वर्षांचा, दुसरा छत्तीसचा. पैसा विक्रमी मिळाला, लढत शिळी निघाली.

याउलट ७ मे २००५. दिएगो कोरालेस विरुद्ध होसे लुईस कास्तियो, हाच लाइटवेट गट. दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा खाली पडला आणि त्याच फेरीत उठून त्याने कास्तियोला थांबवलं. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी जरूर बघा. दोघे वेळेवर भेटले म्हणून ते घडलं. पुढे फेरलढतीला कास्तियो वजनात बसला नाही, तिसऱ्या वेळीही बसला नाही, ती लढतच रद्द झाली. आणि ७ मे २००७ ला, बरोब्बर दोन वर्षांनी, कोरालेस मोटरसायकल अपघातात गेला.

आता आमच्या या देशाने त्यात पैसा ओतलाय. रियाध सीझनच्या नावाखाली वेगवेगळ्या प्रमोटरांची माणसं एका रिंगणात उभी राहायला लागली. देशाची प्रतिमा उजळवायला हा खर्च चाललाय अशी टीका होते, आणि ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रेक्षक म्हणून फायदा झाला हेही खरं. तरी पैशाने सगळं होत नाही. २२ फेब्रुवारी २०२५ ला रियाधला शकूरची लढत होती, समोरचा आजारपणामुळे ऐन वेळी बाद झाला. त्याच्या जागी आला इंग्लंडचा जॉश पॅडली, पेशाने इलेक्ट्रिशियन! नवव्या फेरीत लढत थांबली, पण तोवर गडी उभा होता. आबा, जे स्वतः वायरमनपासून वर आलेत, त्या दिवशी पहिल्या फेरीपासून पॅडलीकडून ओरडत होते.

ओरडत होते ते टीव्हीसमोर. खरं म्हणजे आम्ही त्या लढतीला जाणार होतो. तबूकहून रियाध विमानाने दोन तास, शनिवार, सुट्टी. ऐन आठवड्यात माझं सर्व्हर मायग्रेशन आलं आणि मी म्हटलं, "आबा, पुढच्या वेळी नक्की." ते म्हणाले, "चालतंय की." त्यानंतर तीन 'पुढच्या वेळी' होऊन गेल्या. आणि परवा बसमध्ये आबांनी सहज सांगितलं की ते फायनल एक्झिट घेतायत. गुडघे दुखतात, गावाकडे नातू आहे. एवढी वर्षं प्रमोटरांना शिव्या घालणारा मी, खिडकीबाहेर बघत बसलो.

म्हणून काल रात्री रियाधच्या पुढच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली. त्यात टँक नाही, शकूर नाही, काटाजोड म्हणावी अशी एकही लढत नाही. आबांना दाखवली तर म्हणाले, "कोण लढतंय ते महत्त्वाचं न्हाई, वेळेवर लढत्यात न्हवं?"

असो. मंडळी, टँक विरुद्ध शकूर, तुमचा कौल कोणाला? आबा जायच्या आत कळवा, म्हणजे त्यांना सांगता येईल. हरलो तर तांबडा पुन्हा मीच करीन.

चूभूद्याघ्या,
आपला तबूककर