न वाचता कायदा, न मोजता मत!



बैल घ्यायचा तर आम्ही दात पाहतो, चालवून पाहतो. आणि आमच्या नावाने कायदे करणारे?

20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत शेतीची दोन विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती झाली नाही. मागणारे आपल्या जागेवर नव्हते, असे उपसभापतींचे म्हणणे. कोण हो म्हणाले, कोण नाही, याची नावानिशी नोंदच नाही. पुढे 29 नोव्हेंबर 2021 ला तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयक आले आणि एकाच दिवसात, चर्चेशिवाय, दोन्ही सभागृहांतून पार झाले! ते कायदे बरे की वाईट यावर आमच्या बैठकांत आजही दोन तट पडतात. पडू द्या. पण आमच्या बैठकीत निदान वाद तरी होतो.

आमदार-खासदार आळशी, म्हणून हे घडते असे नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची खुर्चीच जाऊ शकते. मग विधेयक वाचून त्याने करायचे काय? काट्यावरच्या हमालाला कापसाचा भाव विचारण्यासारखेच ते. ही सक्ती फक्त विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरती ठेवा, असे दिनेश गोस्वामी समितीने 1990 सालीच सांगितले होते. ती शिफारस धूळ खात पडली. कोणत्या पक्षाला मोकळा आमदार परवडतो?

सभागृहातले एक मत काय करते, ते यवतमाळच्या कास्तकाराला वेगळे सांगायला नको. 1971 च्या कापूस एकाधिकार कायद्याने आमच्या कापसाला दुसरे गिऱ्हाईकच ठेवले नाही. चुकाऱ्यासाठी खेटे घालून चपला झिजवलेली माणसे अजून गावोगाव आहेत.

आमचे म्हणणे एवढेच. विधेयक मराठीत, मतदानाच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीत लागले पाहिजे. शेवटचे मत नावानिशी नोंदले पाहिजे. ओरडून कायदे करणे पुरे झाले. आणि सरकार पडण्याचा प्रश्न नसेल तेथे पक्षादेश नको.

विधानसभेचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड, सातही ठिकाणच्या आमदारांना त्याआधी गाठू आणि एकच विचारू: गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणते विधेयक पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचले? जे उत्तर मिळेल ते त्यांच्या नावासह चावडीवर लावू.