विमानाला रंग कोणता द्यावा?

घर बांधून झालं की शेवटी रंग देतात. तो आवडला नाही, तर पुढच्या दिवाळीआधी दुसरा देता येतो. विमानाचं मात्र तसं नाही. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्याने रंगाचा विचार अगदी सुरुवातीला करावा, असं माझं मत आहे. आणि रंग निवडताना आपली आवड सगळ्यात शेवटी यावी.

स्वतः विमान बांधणारी माणसं खरंच असतात का? हो, असतात! मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं. जपानमध्ये तर अशा हौशी लोकांची स्पर्धाच भरते. बिवा सरोवरावरची ही स्पर्धा १९७७ साली सुरू झाली. तिचं नाव ‘तोरीनिंगेन’, म्हणजे पक्षी-माणूस.

या स्पर्धेतल्या विमानांना इंजिन नसतं. काही विमानांत वैमानिक सायकलसारखं पायडल मारतो. २०१९ साली एक विमान असं ६० किलोमीटर उडालं! पायांच्या जोरावर उडायचं, तर प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा. म्हणून पंखांवर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवतात आणि रंग फारसा देतच नाहीत. पंखाच्या आतल्या बरगड्यासुद्धा बाहेरून दिसतात.

तेव्हा पहिला प्रश्न वजनाचा. छोट्या विमानावरचा रंगही काही किलो भरतो. मोठ्या कंपन्याही हा हिशोब करतात. जपान एअरलाइन्सने आपली काही मालवाहू विमानं जवळजवळ रंग न देता, नुसती घासून चकचकीत करून उडवली होती.

दुसरा प्रश्न उन्हाचा. उन्हात काळा शर्ट घातला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. घरी बांधलेली अनेक विमानं काचेचे धागे आणि रेझिन वापरून बनवतात. रेझिन फार तापलं, तर मऊ पडू शकतं. अशा विमानाला पांढरा रंगच बरा. जपानी कलाकार हाचिया काझुहिको यांनी मियाझाकी यांच्या १९८४ च्या ‘नौसिका’ चित्रपटातल्या विमानावरून खरंखुरं एका माणसाचं जेट बनवलं. २०१३ साली ते जेटच्या जोरावर उडालं. चित्रपटातलं विमान पांढरं आणि हाचियांचंही पांढरंच!

तिसरा प्रश्न तोलाचा. पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या असतात. त्यांच्यामुळे विमान वळतं, वर जातं, खाली येतं. त्यांच्यावर रंगाचा जाड थर बसला की त्यांचा तोल बिघडतो. मग वेगात असताना फळी जोरात फडफडू लागते, आणि कधी कधी तुटतेसुद्धा. म्हणून रंग वाळल्यावर तोल पुन्हा तपासायलाच हवा.

काही जण म्हणतील, “पांढरं विमान ढगांत दिसणार कसं? भडक रंगच सुरक्षित!” त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. पण त्यासाठी सगळं विमान लाल करायची गरज नाही. पंखांच्या टोकांना आणि शेपटीला नारिंगी पट्टे दिले, तरी बरंच काम होतं.

शेवटचा मुद्दा रंग देणाऱ्या माणसाचा. विमानाला वापरतात तो दोन भाग मिसळून करायचा पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असतो, पण फवारताना त्याचे बारीक कण श्वासातून आत गेले तर दमा होऊ शकतो. साधा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल, तर हे काम खुशाल जाणकाराला द्यावं. त्यात कसला आलाय कमीपणा?

वजन, ऊन, तोल आणि आपला श्वास, एवढं सगळं सांभाळून झालं की मग आवडीचा पट्टा जरूर काढा. नाव लिहा, चित्र काढा. पण थर पातळ ठेवा बरं का!

आता तुम्ही सांगा: तुमच्या विमानाला तुम्ही कोणता रंग द्याल, आणि का?