हॉटेल निवडायचं ते दुपारसाठी

परदेशवारीची आखणी सुरू झाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘हॉटेल काय, झोपायलाच तर जायचंय!’ रोज नवं शहर गाठणाऱ्या युरोपच्या सहलीत ते खपून जातं. पण आजी-आजोबा, आई-बाबा आणि दोन नातवंडं असा सहा जणांचा गोतावळा फ्लोरिडात ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहायला निघाला असेल, तर हेच वाक्य महागात पडतं. तिथे हॉटेलची गरज रात्रीइतकीच, किंबहुना रात्रीपेक्षा जास्त, भर दुपारी लागते.

आपल्याकडची सवय वेगळी आहे, हे या वाक्यामागचं एक कारण. १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डला मुंबईकर सकाळी बोटीने जायचे आणि रात्री जेवायला घरी असायचे. २०१३ पासून खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही मुंबई-पुण्याची बरीच मंडळी तसंच करतात : पहाटे निघायचं, दिवसभर हिंडायचं, रात्री आपल्या अंथरुणात. थीम पार्क म्हणजे एका दिवसाची दमणूक, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे. डिस्ने वर्ल्डचा पसारा मात्र साधारण शंभर चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाएवढा. त्यात चार स्वतंत्र पार्क आहेत. मॅजिक किंगडम १९७१ चं, एप्कॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि ॲनिमल किंगडम १९९८ चं. प्रत्येकाला निदान एक दिवस धरला तरी चार-पाच रात्रींचा मुक्काम होतोच. १ ऑक्टोबर १९७१ ला पहिलं पार्क उघडलं, त्याच दिवशी कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलंही उघडली. कंटेम्पररीच्या तर इमारतीच्या पोटातूनच मोनोरेल जाते. मुक्काम हा पार्कचाच भाग, असा विचार तिथे पहिल्या दिवसापासून आहे.

आता घड्याळ बघू. उन्हाळ्यात फ्लोरिडा भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नुकतंच भारतातून आलेलं शरीर नेमकं त्याच वेळी झोप मागतं, आणि बाहेर तर अंगाची लाही करणारं दमट ऊन. जून ते सप्टेंबर या महिन्यांत दुपारी विजांचा कडकडाट आणि पाऊसही ठरलेला. उलट पहाटे चारला सगळं घर टक्क जागं! याचा फायदा करून घेता येतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. सकाळी लवकर जावं, गर्दी वाढायच्या आत मोठ्या राइड उरकाव्यात, एक-दीडला खोलीवर येऊन जेवून आडवं व्हावं आणि उन्हं उतरल्यावर आतषबाजीसाठी पुन्हा निघावं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या घराला याहून वेगळा दिनक्रम झेपत नाही.

या कसोटीवर डिस्नेची दोन हॉटेलं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ती तशी शेजारीच आहेत. अवरग्लास लेक नावाच्या तळ्याच्या एका काठावर पॉप सेंच्युरी, दुसऱ्या काठावर आर्ट ऑफ ॲनिमेशन, मध्ये एक पूल. दोन्ही डिस्नेच्या ‘व्हॅल्यू’ गटातली, म्हणजे त्यांच्यातल्या त्यांच्यात स्वस्त.

त्यांची गोष्टही एकमेकांत गुंतलेली आहे. पॉप सेंच्युरी डिसेंबर २००३ मध्ये सुरू झालं. तळ्याच्या दोन्ही काठांवर मिळून विसाव्या शतकाची दहाही दशकं उभी करायची, असा मूळ बेत होता. पण सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतलं पर्यटन कोसळलं. १९५० नंतरची दशकं तेवढी पूर्ण झाली. आधीच्या पन्नास वर्षांच्या अर्धवट इमारती कित्येक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. शेवटी तो बेत सोडून त्या जागी ३१ मे २०१२ ला आर्ट ऑफ ॲनिमेशन उघडलं. दरम्यान, २००६ च्या सुमारास, ऑल-स्टार म्युझिक या जुन्या हॉटेलात दोन-दोन खोल्या जोडून सहा जणांचे स्वीट करून पाहिले गेले होते. नव्या हॉटेलात तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आली. तिथल्या १,९८४ खोल्यांपैकी १,१२० खोल्या सहा जणांचे फॅमिली स्वीट आहेत. पॉप सेंच्युरीत २,८८० खोल्या, आणि प्रत्येक खोलीत माणसं जास्तीत जास्त चार, फार तर वर एक तान्हं बाळ.

चार! या आकड्याशी मराठी घराचा पहिला झगडा होतो. स्वस्त हॉटेलाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे आई, बाबा आणि दोन मुलं. आजी-आजोबा त्या हिशेबात बसत नाहीत. अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावतो, सुनेची रजा आणि नातवंडांची सुटी जुळवतो आणि हौसेने डिस्नेचा बेत ठरवतो, तेव्हा माणसं सहा होतात. अशा हजारो घरांसाठी हॉटेल निवडणं म्हणजे भिंतीवर निमो हवा की मोगली, एवढ्यापुरतं नसतं.

पॉप सेंच्युरीची खोली २६० चौरस फुटांची. एक क्वीन पलंग कायमचा, दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. तो वर असतो तेव्हा त्या जागी टेबल वापरता येतं. युक्ती छान आहे, आणि २०१७-१८ च्या सुमारास नूतनीकरण झाल्यापासून खोल्या नेटक्या दिसतात. पण दुपारी दोन वाजता त्या खोलीत काय होतं ते पाहा. दोन वर्षांचं मूल झोपवायचं म्हणून पडदे ओढायचे, दिवे घालवायचे, टीव्ही बंद. मोठी मुलगी कुजबुजत राहणार, बाबा मोबाइलच्या उजेडात पुढच्या राइडची वेळ शोधणार. मग एक जण म्हणतो, ‘तू थांब याच्याजवळ, आम्ही तळ्यावर चक्कर मारून येतो.’ थांबणारी बहुतेक घरांत आईच असते. रोज दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत बसून काढणं तिच्या वाट्याला येतं, आणि सहलीचे फोटो बघताना ते कुठेच दिसत नाही. स्वीटचं खरं मोल इथे कळतं. ५६५ चौरस फूट, म्हणजे मुंबईतल्या चांगल्या वन बीएचकेचा ऐवज : दार लावता येणारी झोपायची खोली, बाहेर सोफ्याची खोली आणि दोन बाथरूम. सोफा उलगडून दोन जण झोपतात, जेवणाचं टेबल रात्री पलंग होतं. मूल आत झोपलं की आई बाहेर चहा घेत बसू शकते, आजोबा सोफ्यावर पाय लांब करू शकतात.

दोन बाथरूमचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सकाळी सहा माणसांनी साडेसातच्या आत आवरायचं असेल, तर एका बाथरूमवर ते होत नाही. टबाची उंच कड ओलांडून आंघोळीला उतरणं दुखऱ्या गुडघ्यांना धोक्याचं असतं, म्हणून टब नसलेला शॉवर मिळेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावं.

मग सरळ स्वीटच घ्यावा का? पैशाकडे पाहिलं की उत्तर इतकं सोपं राहत नाही. दर तारखेप्रमाणे बदलतात, नाताळच्या आठवड्यात आभाळाला भिडतात, आणि त्यावर साडेबारा टक्के कर लागतो. पण साधारण चित्र असं की आर्ट ऑफ ॲनिमेशनचा स्वीट पॉपच्या एका खोलीच्या दुपटीला किंवा त्याच्याही वर जातो. म्हणजे पुलापलीकडे दोन खोल्या घेतल्या तर अनेक तारखांना त्या स्वीटपेक्षा स्वस्त पडतात. आजी-आजोबांची खोली वेगळी, बाथरूम दोन, दारं दोन, आणि झोपायला टेबलाऐवजी धड पलंग. मुलं सात-आठ वर्षांच्या पुढची असतील, तर हाच पर्याय उजवा आहे. आजी-आजोबांना त्यांची निजायची-उठायची वेळ पाळता येते, हा त्यातला सगळ्यात मोठा लाभ. मात्र आतून दार असलेल्या जोडखोल्या हव्या असल्याचं बुकिंग करतानाच नोंदवायला हवं. एक खोली तळ्याजवळ आणि दुसरी रस्त्याकडे आली तर सगळंच फिसकटतं.

मूल तीनच्या आतलं असेल तर मात्र स्वीटला तोड नाही. तिथे पैसे वाचवायचेच झाले, तर मुक्कामाची एक रात्र कमी करावी.

आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये साध्या खोल्याही आहेत, लिटिल मर्मेड विभागातल्या ८६४. त्यांच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण ‘स्वीट परवडत नाही, निदान त्या हॉटेलात तरी राहू’ या मोहाने लोक तिकडे वळतात. खोली २७७ चौरस फुटांची, म्हणजे पॉपपेक्षा नखभर मोठी. माणसं तीच चार. दर सहसा पॉपपेक्षा जास्त. आणि हा विभाग मुख्य इमारतीपासून सगळ्यात लांब, म्हणजे जेवणघर गाठायला आणि तिथून परतायला रोज जास्तीची पायपीट. दिवसभर पार्कात चालून आलेल्या पायांवर ती लादायची गरज नाही.

मुलांच्या बाजूनेही बोलायला हवं. आर्ट ऑफ ॲनिमेशनचा बिग ब्लू पूल हा डिस्ने वर्ल्डमधल्या हॉटेलांतला सगळ्यात मोठा पोहण्याचा तलाव. भोवती निमोच्या गोष्टीतले प्रचंड मासे, आणि डोकं पाण्याखाली घातलं की संगीत ऐकू येतं. हॉटेलचे तलाव त्या-त्या हॉटेलच्या पाहुण्यांसाठीच असतात, त्यामुळे पॉपमध्ये राहणाऱ्या मुलांना तो काठावरून पाहावा लागतो. हा तोटा खरा आहे. पण बाकी परिसरात हिंडायला, पुतळ्यांपाशी फोटो काढायला आणि जेवायला कुणी अडवत नाही. पुलावरून चालत दहा मिनिटांत जाता येतं. पॉपमध्येही मुलांना हरखून टाकणारं कमी नाही : इमारतीच्या उंचीचे बोलिंग पिन, अवाढव्य रुबिक क्यूब, मोगली आणि बाळू. तो क्यूब बघून बाबा लोकच जास्त खुलतात, कारण तो त्यांच्या शाळेच्या दप्तरातला असतो.

दुपारच्या परतीची खरी वाट म्हणजे स्कायलायनर. २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालेल्या या रोपवेचं स्थानक दोन्ही हॉटेलांच्या मधोमध, तळ्यावर आहे. कॅरिबियन बीच स्थानकावर केबिन बदलायची की तिथून हॉलिवूड स्टुडिओजला किंवा एप्कॉटच्या मागच्या दाराशी पोचता येतं. केबिन सतत येत राहतात, त्यामुळे बसची वाट पाहत उन्हात उभं राहावं लागत नाही, आणि चाकांच्या खुर्चीसाठी थांबलेल्या केबिनमध्ये बसायची वेगळी सोय आहे. दोन्ही हॉटेलांना ही रोपवेची सोय सारखीच, म्हणून जास्तीचे पैसे देऊन या बाबतीत काही वाढीव मिळत नाही. केबिनमध्ये एसी नाही, फक्त हवा खेळती. आणि विजा चमकायला लागल्या की रोपवे थांबवतात. फ्लोरिडाच्या पावसाळी दुपारी ही वेळ नेमकी खोलीवर परतायचीच असते. अशा दिवशी बसची रांग धरावी लागते. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडमला तर एरवीही बसच. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी ढग दाटायच्या आधीच, साडेबारा-एकला, पार्क सोडलेलं बरं. दिवाळीच्या सुटीतली ऑर्लँडोची हवा या सगळ्यापेक्षा कितीतरी सौम्य असते.

जेवणाचं काय, हा प्रश्न मराठी घरात हॉटेलच्याही आधी येतो. दोन्हीकडे बसून वाढून घ्यायचं रेस्टॉरंट नाही, फूड कोर्ट आहे. शाकाहारी माणसाचं अडत नाही; २०१९ पासून डिस्नेने वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाची खूण छापायला सुरुवात केली, तीही उपयोगी पडते. पण रोज रोज तेच खाऊन तोंडाची चव जाते, आणि आजोबांच्या गोळ्या वेळेवर खाण्याशी बांधलेल्या असतात. स्वीटमध्ये सिंक, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. शेगडी नाही. तरी तयार उपमा, घरून आणलेल्या दशम्या आणि दहीभात एवढं सहज होतं. पॉपच्या खोलीत फ्रिज आणि कॉफी मेकर आहे, मायक्रोवेव्हसाठी फूड कोर्ट गाठावं लागतं. एका संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधल्या ‘सना’त जावं : तिथे नान-रोट्यांचं ताट नऊ चटण्या-लोणच्यांसह येतं, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात.

भारतातून ग्रुप टूरने जाणाऱ्यांना यातलं काहीच निवडता येत नाही, ही मोठी अडचण आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘ऑर्लँडो येथे मुक्काम’ एवढंच लिहिलेलं असतं. बस सकाळी पार्कच्या दारात सोडते आणि रात्री आतषबाजीनंतर नेते. मधल्या दहा-बारा तासांत सत्तरीच्या माणसांनी करायचं काय? ती सावलीतला बाक धरून बसून राहतात, ‘तुम्ही जा, आम्ही सामान सांभाळतो’ म्हणतात, आणि आयुष्यात एकदाच होणारी वारी त्यांनी बाकावरून पाहिलेली असते. निम्म्याहून जास्त गट साठीच्या पुढचा असेल, तर दुपारची एक परतीची फेरी ठेवणं हे टूर कंपनीचं कर्तव्य आहे, आणि पैसे भरण्याआधी ते मागून घेणं हा पर्यटकांचा हक्क. पार्कच्या दारापासून खोलीपर्यंत किती मिनिटं लागतात, एका खोलीत किती माणसं आणि त्यांना किती बाथरूम, मधल्या वेळी परतायचं झालं तर गाडी कुणाची आणि खर्च कुणाचा, याची लेखी उत्तरं आगाऊ रक्कम देण्याआधी हातात असली पाहिजेत.